कार्बोरेटर साफ केला तरी पेट्रोल पुन्हा गळतं? झिजलेलं प्लास्टिक आणि रबर आधी तपासा

तक्रार नेहमी सारखीच असते. गाडीखाली पेट्रोलचा डाग पडतो, प्लग काळा होतो, अ‍ॅव्हरेज उतरतं, स्लोवर गाडी कधी आपोआप रेस होते तर कधी सिग्नलला बंद पडते. गॅरेजमध्ये कार्बोरेटर खोलून साफ होतो, आठ-पंधरा दिवस गाडी छान चालते आणि मग परत तेच सुरू. दोनदा नीट सफाई होऊनही दोष परत आला, तर तो घाणीचा दोष नाही, झीज आहे असं धरून पुढचं काम करा.

खान्देशात कार्बोरेटरच्या गाड्या अजून भरपूर आहेत. एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचं बीएस-६ मानक लागू झालं आणि नव्या दुचाकींत बहुतेक ठिकाणी कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन आलं. पण शेतावर, बाजाराला, डेअरीवर जाणारी गाडी त्याआधीचीच असते. तिच्या कार्बोरेटरमधला फ्लोट (वाटीतल्या पेट्रोलवर तरंगणारा डबा), निडल (फ्लोट वर आला की पेट्रोलची वाट बंद करणारी) आणि ओ-रिंगा (रबरी कड्या) बऱ्याचदा गाडी घेतली तेव्हाच्याच असतात. सफाईनंतर काही दिवस बरं वाटतं त्याचं कारण साधं आहे. निडल काढून परत घालताना ती थोडी फिरते, टोकावरची जुनी खाच सीटवर, म्हणजे निडल जिथे टेकते त्या भोकाच्या कडेवर, वेगळ्या जागी बसते आणि तेवढ्यापुरतं पेट्रोल थांबतं. इंजिनाच्या थरथरीने ती पुन्हा फिरली की गळती परत सुरू होते.

खोलण्याआधी दोष कुठला ते ठरवा

गाडी सपाट जागेवर मेन स्टँडला लावा. साइड स्टँडवर कार्बोरेटर तिरका होतो आणि चांगला कार्बोरेटरही थोडं पेट्रोल सोडू शकतो, त्यामुळे तिथली गळती पुरावा धरू नका. आता वाटीच्या, म्हणजे फ्लोट चेंबरच्या, तळाला ड्रेनचं तोंड असेल तर त्याला हातभर पारदर्शक नळी लावा. नळीचं दुसरं टोक कार्बोरेटरच्या अंगाला लागून वर उभं धरा, कॉक ऑन करा आणि ड्रेन स्क्रू एक फेरा ढिला करा. नळीत पेट्रोल जितकं वर चढून थांबेल, तितकीच पातळी वाटीत आहे. बहुतेक कार्बोरेटरांत ती वाटी आणि बॉडीच्या सांध्याखाली काही मिलिमीटर असते. नळीवर चिकटपट्टीने खूण करा आणि दहा मिनिटं बघा.

पातळी हळूहळू चढतच राहिली, तर निडल आणि सीट पेट्रोल अडवत नाहीत. पातळी थांबली पण सांध्याच्या वर जाऊन थांबली, तर फ्लोट जड झालाय किंवा त्याची जीभ दबलीय. पातळी बरोबर आहे आणि तरी प्लग काळाच पडतो, तर वाटीकडे बघत बसू नका. चोक, निडल जेट (स्लाइडची सुई ज्या भोकात हलते ते) आणि एअर फिल्टर तपासा. एवढ्या एका चाचणीने निम्मं काम होतं, आणि ती न करता सरळ स्क्रूला हात घालणं म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही घालवणं.

अ‍ॅक्टिव्हासारख्या स्कूटरला व्हॅक्यूमवर चालणारा कॉक असतो. त्याची इंजिनाकडे जाणारी बारीक व्हॅक्यूम नळी काढून बघा. ती आतून पेट्रोलने ओली असेल, तर कॉकमधला पडदा फाटलाय आणि पेट्रोल तिथूनच इंजिनात जातंय. अशा वेळी कार्बोरेटर कितीही साफ केला तरी उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट इथेच करा. ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या. रात्रभर कॉक ऑन राहिलेल्या गाडीत ओव्हरफ्लोचं पेट्रोल सिलिंडरमार्गे इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पातळी वाढलेली असेल किंवा पेट्रोलचा वास येत असेल, तर गाडी चालू करू नका. आधी गळती थांबवा, मग ऑइल बदला. पातळ झालेल्या ऑइलवर गाडी पळवली तर चारशे-पाचशेचं काम बोअर-पिस्टनच्या खर्चावर जातं.

वाटी उघडली की तळ वाचा

काम थंड इंजिनावर, उघड्या हवेत आणि विडी-काडीपासून लांब करायचं. वाटीचे स्क्रू पितळेसारखे मऊ असतात. बरोबर मापाचा पेचकस जोर देऊन बसवा आणि मगच फिरवा.

वाटीतला गाळ लगेच पुसू नका. लालसर कचरा असेल तर टाकी आतून गंजलीय. पिठासारखी पांढरी भुकटी म्हणजे पेट्रोलमध्ये पाणी होतं आणि त्याने वाटीचा धातू खाल्ला. चिकट तपकिरी थर म्हणजे पेट्रोल महिनोन्महिने पडून होतं. काळे बारीक कण बोटाने चिरडले आणि काळी रेघ उठली, तर पेट्रोलची नळी आतून सुटतेय. हे कण निडलखाली अडकतात, म्हणून नळी न बदलता केलेली सफाई टिकत नाही.

फ्लोट

बहुतेक १०० ते १५० सीसी गाड्यांत फ्लोट प्लास्टिकचा असतो आणि तो तीन ठिकाणी दगा देतो.

पहिली जागा त्याचा पोकळ डबा. सांध्याला केसाएवढी चीर गेली की पेट्रोल आत शिरतं, फ्लोट जड होतो आणि निडल वेळेवर बंद करत नाही. कानाशी धरून हलवा, खळखळ ऐकू येते का बघा. त्यावर विसंबू नका, कारण थोडं पेट्रोल असेल तर आवाज येत नाही. फ्लोट पुसून कोरडा करा आणि गॅसपासून दूर आणलेल्या, साधारण ६० ते ७० अंश गरम पाण्यात चिमट्याने पूर्ण बुडवून धरा. आतली हवा फुगते आणि चीर असेल तिथून बुडबुड्यांची सरळ माळ निघते. त्याहून पक्की परीक्षा वजनाची. सराफाकडे असतो तसा ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा आता कुठेही मिळतो. त्याच कार्बोरेटरचा नवा फ्लोट आणि जुना फ्लोट दोन्ही कोरडे करून तोला. जुना अर्ध्या ग्रॅमने जरी जड भरला तरी बदला. चीर गेलेल्या फ्लोटला एम-सील किंवा फेव्हिक्विक लावू नका. वजन वाढतं आणि पेट्रोलमध्ये तो जोड फार टिकत नाही.

दुसरी जागा पिनचं भोक. फ्लोट ज्या बारीक पिनवर हलतो ती पिन पोलादी आणि भोक प्लास्टिकचं. खडबडीत रस्त्याने ते गोलाचं लांबट होतं. पिन घालून फ्लोट डावी-उजवीकडे हलवा. तो इतका डुलत असेल की त्याच्या कडेवर वाटीला घासल्याची चकचकीत रेघ दिसते, तर तो कधीमधी भिंतीला अडकणारच. "कधी गळतं, कधी नाही" अशा तक्रारीमागे बरेचदा हीच रेघ असते. पिनवर नख फिरवून खाच लागते का तेही बघा आणि लागली तर पिनही बदला.

तिसरी जागा सगळ्यात कमी बघितली जाते: निडलला दाबणारी जीभ. पूर्ण प्लास्टिकच्या फ्लोटमध्ये या जिभेवर निडलच्या पाठीमागची पिन वर्षानुवर्षं टोचत राहते आणि तिथे डाळीएवढा खळगा पडतो. उन्हात तिरकं धरून बघितलं की त्याची कड चमकते. खळगा क्षुल्लक वाटतो, पण हिशेब करा. पिनपासून जीभ साधारण ८ मि.मी. आणि फ्लोटचा मध्य साधारण ३० मि.मी. असेल, तर प्रमाण जवळपास चौपट होतं. अर्धा मि.मी. खळगा म्हणजे निडल बंद करायला फ्लोटने जवळपास २ मि.मी. जास्त वर यायला हवं, आणि तेवढं पेट्रोल वाटीत वाढतं. निडलच्या टोकाची झीज यात आणखी भर घालते.

धातूची जीभ असेल तर ती किंचित वाकवून पातळी लावता येते. पूर्ण प्लास्टिकच्या फ्लोटची जीभ वाकवायची नसते. लायटरने गरम करून वाकवलेली जीभ काही दिवसांनी परत सरकते, कधी तुटते, आणि तुटलेला तुकडा निडलखाली जातो. अशा फ्लोटची पातळी चुकली की नवा फ्लोट घालणं हाच उपाय.

निडल आणि सीट

निडलच्या टोकाला काळं किंवा तपकिरी रबर असतं. भिंग नसेल तर मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघा. नव्या टोकाचा शंकू गुळगुळीत असतो. झिजलेल्यावर गोल कंगोरा उमटलेला दिसतो, जणू कोणी दोऱ्याने आवळलंय. नखाला कंगोरा लागला की निडल संपली. टोक नखाने दाबलं तर थोडं लवचिक लागायला हवं. कडक, काचेसारखं झालेलं रबर खाच नसतानाही गळतं. निडलच्या मागची छोटी स्प्रिंगची पिन दाबून सोडा, ती झटकन परत यायला हवी.

सीट पितळेची असते. इअरबडला थोडं मेटल पॉलिश लावून हलक्या हाताने दहा-पंधरा फेरे मारा आणि मग पेट्रोलने पूर्ण धुवा. सीटमध्ये तार, ब्लेड, ड्रिल काहीही घालायचं नाही. काही कार्बोरेटरांत सीट दाबून बसवलेली असते, ती वेगळी मिळत नाही. तिला ओरखडा गेला तर अख्खी बॉडी बदलावी लागते.

नवी निडल आणि फ्लोट बसवले की वाटी लावायच्या आधी कार्बोरेटर उलटा धरा. फ्लोटच्या वजनाने निडल बंद होते. पेट्रोल येण्याच्या तोंडाला स्वच्छ नळी लावून तोंडाने हळू फुंका. हवा जाता कामा नये. फ्लोट बोटाने उचलला की लगेच जायला हवी. इथे कंप्रेसर वापरायचा नाही. जोडलेल्या कार्बोरेटरमध्ये कंप्रेसरची हवा मारल्याने फ्लोट दबतो, पडदा फाटतो, आणि हा प्रकार रोज होतो.

पातळी मोजताना कार्बोरेटर तिरका धरा, इतका की जीभ निडलच्या पिनला फक्त टेकेल, स्प्रिंग दबणार नाही. मग गॅस्केटच्या कडेपासून फ्लोटच्या वरच्या टोकापर्यंत व्हर्नियरने मोजा. माप प्रत्येक कार्बोरेटरचं वेगळं असतं आणि ते त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. शेजारच्या गाडीचं माप आपल्या गाडीला लावू नका.

प्लास्टिक इतक्या लवकर का खराब होतं

मोठं कारण सफाईच्याच पद्धतीत आहे. कार्ब-क्लीनर स्प्रे आणि एनसी थिनर यांत अ‍ॅसिटोन, टोल्यून अशी द्रावणं असतात. पितळ आणि अ‍ॅल्युमिनियमवरचा चिकटा ती छान काढतात, पण फ्लोट, ओ-रिंग, रबरी पडदा यांना फुगवतात किंवा कडक करतात. रात्रभर थिनरमध्ये बुडवून ठेवलेला अख्खा कार्बोरेटर सकाळी चकाचक दिसतो आणि आतली रबरं निकामी झालेली असतात. म्हणून मिस्तरीला आधीच सांगा: स्प्रे मारण्यापूर्वी प्लास्टिक आणि रबराचा प्रत्येक भाग काढून वेगळ्या ताटलीत ठेवायचा. ते भाग फक्त ताज्या पेट्रोलने आणि मऊ ब्रशने धुवायचे, अर्धा तास भिजत ठेवायचे नाहीत.

दुसरं कारण इथेनॉल. देशभरातल्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉलचं लक्ष्य जून २०२२ मध्ये गाठलं गेलं, फेब्रुवारी २०२३ पासून काही पंपांवर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, सुरू झालं आणि आता ते सगळीकडे आहे. इथेनॉल ओलावा धरून ठेवतं. जुन्या नायट्राइल रबराच्या ओ-रिंगा त्यात फुगतात आणि पेट्रोल सुकलं की आकसून तडकतात. बदलताना व्हिटॉन रबराच्या टोकाची निडल आणि व्हिटॉन ओ-रिंग मागा. थोडे जास्त पैसे गेले तरी जुन्या गाडीसाठी ते योग्यच आहे.

तिसरं कारण आपला उन्हाळा. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, इंजिनाशेजारचा भाग त्याहून किती तरी तापतो. पेट्रोल २० अंश तापलं की साधारण दोन टक्के फुगतं, म्हणजे १० लिटरच्या टाकीत जवळपास २०० मिलि. काठोकाठ भरलेली टाकी उन्हात उभी केली तर झिजलेली निडल तिथेच हार मानते. उन्हाळ्यात झाकणाखाली दोन-तीन बोटं जागा ठेवा आणि गाडी लावली की कॉक बंद करा. मात्र भर उन्हात बँकेपुढे अर्धा तास थांबलेली गाडी लवकर चालू होत नाही, हा वेगळा दोष आहे: वाटीतलं पेट्रोल उष्णतेने उडतं. त्यासाठी फ्लोट बदलू नका, गाडी सावलीला लावा.

नळी आणि फिल्टर

गावाकडे पेट्रोलच्या नळीऐवजी सलाइनची नळी किंवा ठिबकची मायक्रोट्यूब लावलेली सर्रास दिसते. सलाइनच्या नळीतला मऊपणा पेट्रोल शोषून घेतं, ती आकसते, लाकडासारखी कडक होते आणि तोंडाशी तडकते. ठिबकची नळी वाकवली की चपटी होते आणि पेट्रोल अडतं. खाली तापलेला सायलेन्सर असताना ही बचत अंगाशी येते. पेट्रोलसाठीचीच रबरी नळी घ्या आणि दोन्ही टोकांना क्लिप लावा.

प्लास्टिकचा इनलाइन फिल्टर लावत असाल तर बाण कार्बोरेटरच्या दिशेला ठेवा, नळीला वरच्या दिशेने वळसा देऊ नका, आणि फिल्टर इंजिनाला टेकू देऊ नका. इंजेक्शनच्या गाडीचा फिल्टर इथे चालत नाही. तो पंपाच्या दाबासाठी असतो, टाकीतून आपोआप उतरणारं पेट्रोल त्यातून पुरेसं जात नाही. पिवळा पडलेला किंवा मानेशी बारीक चिरा दिसणारा फिल्टर लगेच काढा.

पल्सर, बुलेट, स्कूटर: सीव्ही कार्बोरेटर

यात वरच्या झाकणाखाली रबरी पडदा आणि त्याला जोडलेला स्लाइड पिस्टन असतो. पडदा हलकेच ताणून उजेडाकडे धरा. टाचणीएवढं भोक असेल तरी अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर गाडी आधी दबते आणि मग उचलते. पडद्यावर स्प्रे कधीच मारू नका. फुगलेला पडदा खोबणीत बसत नसेल, तर तो सावलीत एक दिवस सुकू द्या, बऱ्याचदा मूळ आकाराला येतो. झाकण लावताना पडद्याची कड चिमटली की तो तिथेच फाटतो.

स्लाइड प्लास्टिकचा असेल तर इंजिनाकडची बाजू बघा. खालून आत येणारी धूळ, फाटका एअर फिल्टर आणि कापसाच्या हंगामातली भुशी यांनी तिथे उभ्या रेघा पडतात. स्लाइड बॉडीत घालून बोटाने हलवा. खडखडत असेल, तर स्लोवर गाडी स्थिर राहणार नाही, मग एअर स्क्रू कितीही फिरवा. स्लाइडला लागलेली सुई (ही फ्लोटची निडल नव्हे) आणि निडल जेट नेहमी जोडीने बदला. जेटचं गोल भोक लांबट झालं की ४०-५० च्या वेगाला अ‍ॅव्हरेज पडतं आणि मेन जेट बदलून ते परत येत नाही.

चोकच्या प्लंजरच्या तळाला रबराची टिकली असते. तिला खाच पडली की चोक बंद असूनही थोडा चालूच राहतो. प्लंजरचा नट बऱ्याच ठिकाणी प्लास्टिकचा असतो. तो हातानेच बसवा, पान्याने आवळला की तडकतो.

जोडणी आणि सेटिंग

कार्बोरेटर आणि इंजिनामध्ये काळा इन्सुलेटर असतो, दोन्ही बाजूंना ओ-रिंग. नट जास्त आवळले की इन्सुलेटर तडकतो किंवा कार्बोरेटरची कड वाकते आणि बाहेरची हवा आत जाते. १० नंबरच्या पान्याने, दांडा मधोमध धरून, दोन्ही नट आळीपाळीने आवळा. नंतर इंजिन स्लोवर चालू ठेवून सांध्यावर साबणाच्या पाण्याचे थेंब सोडा. रेस बदलली किंवा पाणी आत ओढलं गेलं, तर ओ-रिंग बदला. इथे पेट्रोल किंवा स्प्रे मारायचा नाही, सायलेन्सर शेजारीच आहे.

पायलट जेटचं, म्हणजे स्लोला पेट्रोल देणाऱ्या जेटचं, भोक बऱ्याच गाड्यांत ०.३५ ते ०.४० मि.मी. इतकं बारीक असतं. त्यात तार घातली की ते मोठं होतं आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते. पेट्रोलात भिजवा आणि सुट्या जेटमधून हवा मारा.

मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी तो किती फेऱ्यांवर आहे हे आत फिरवून मोजा आणि लिहून ठेवा. तळाला टेकला की थांबा, दाबू नका, टोक चेपतं. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर आत फिरवल्याने पेट्रोल वाढतं. इंजिनाच्या बाजूला असेल तर बाहेर फिरवल्याने वाढतं. इंजिन दहा मिनिटं तापवून मगच सेटिंग करा, स्लो साधारण १४०० आरपीएमला ठेवा, आणि नंतर पीयूसी करून घ्या. कार्बन मोनॉक्साइडचा आकडा सेटिंग बरोबर आहे का ते सांगतो.

सुटे भाग घेताना

गाडीचं नाव सांगून किट घेऊ नका. एकाच मॉडेलला वर्षागणिक वेगवेगळे कार्बोरेटर आलेत. बॉडीवर कोरलेला नंबर दाखवा, जुने भाग सोबत न्या. दुकानातच निडलची लांबी व्हर्नियरने जुन्याशी ताडून बघा; निडल अर्धा मि.मी. आखूड असली तरी पातळी चढते. किटमधली एक जादा ओ-रिंग झाकणाच्या काचेच्या बाटलीत पेट्रोलमध्ये २४ तास ठेवा आणि आधी-नंतर मोजा. उघड फुगली तर ते किट परत करा.

फवारणी पंप आणि ब्रशकटर

कपाशीची फवारणी संपली की पेट्रोलवरचा फवारणी पंप सात-आठ महिने कोपऱ्यात पडतो आणि पुढच्या आषाढात चालू होत नाही. ऑइलमिश्रित पेट्रोल आत सुकून जेट बंद करतं आणि पडदा कडक करतं. शेवटच्या फवारणीनंतर टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. वाटीचा कार्बोरेटर असेल तर ड्रेन स्क्रूही उघडा. ब्रशकटरला वाटी नसते, पातळ पडद्याचा कार्बोरेटर असतो. तो पडदा बोटावर ठेवून वाकवला तर कागदासारखा कुरकुरता कामा नये. कुरकुरला तर पडदा-गॅस्केटचं किट बदला. प्रायमरचा पारदर्शक फुगा उन्हात पिवळा पडून तडकतो आणि मग दहा-वीस वेळा दाबूनही पेट्रोल चढत नाही. तो वेगळा मिळतो आणि बहुतेक मशिनांत दोन स्क्रूंत बदलतो. यंत्र पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाच्या बाजूला न ठेवता घरात, पोत्याखाली झाकून ठेवा, आणि पेट्रोल-ऑइलचं मिश्रण गेल्या हंगामातलं उरलेलं वापरू नका. ऑइलचं प्रमाण पंपाच्या टाकीवर किंवा पुस्तिकेत लिहिलेलंच ठेवा. १:४० असेल तर १ लिटर पेट्रोलला २५ मिलि.